शहर, सवड आणि चित्रकार : रेसिडेन्सी कशासाठी?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मागचं व्याख्यान संपल्यावर एक मुलगी माझ्यासाठी थांबली होती. चित्रकलेचं शिक्षण नुकतंच पूर्ण झालेलं. म्हणाली, "सर, एका मोठ्या शहरातल्या रेसिडेन्सीसाठी माझी निवड झालीय. तीन महिने राहायला खोली, कामाला स्टुडिओ, वर खर्चाला पैसे. पण आई म्हणते, एवढं सगळं देणार आणि बदल्यात काहीच मागणार नाहीत? असं फुकट कोण देतं? आधी नीट चौकशी कर."

मी तिला म्हटलं, तुझ्या आईनं अगदी नेमका प्रश्न विचारलाय. मी चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण देणं आणि घेणं यांचा संबंध इतक्या थोडक्यात मला कधी मांडता आला नाही. तेव्हा आजचं व्याख्यान त्या माउलीला उत्तर म्हणून आहे असं समजा.

रेसिडेन्सी म्हणजे नेमकं काय

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ. पुरस्कार मिळतो तो झालेल्या कामाबद्दल. शिष्यवृत्ती मिळते ती ठरलेल्या अभ्यासक्रमासाठी. कमिशन, म्हणजे आपल्या भाषेत सुपारी, मिळते ती ठरलेल्या वस्तूसाठी : अमुक भिंत, अमुक माप, अमुक तारीख. रेसिडेन्सी या तिन्हींत बसत नाही. ती मिळते अजून न झालेल्या कामासाठी, आणि ते काम काय असेल हे देणाऱ्यालाही माहीत नसतं, घेणाऱ्यालाही नसतं.

व्यवहार साधारण असा चालतो. कलाकार अर्ज करतो. सोबत आपल्या कामाची काही छायाचित्रं, थोडी माहिती आणि तिथं येऊन काय करावंसं वाटतं याचं टिपण. निवड समिती बसते. निवड झाली की काही आठवडे, काही महिने, क्वचित वर्ष-दोन वर्षं जागा मिळते. कुठं फक्त स्टुडिओ असतो, कुठं राहण्याची सोयही असते, कुठं मासिक वृत्ती, रंग-साहित्याचा खर्च, प्रवासखर्च मिळतो. अधूनमधून कोणी समीक्षक, क्युरेटर, दुसरा चित्रकार येऊन काम बघतो, बोलतो. शेवटी बहुधा 'ओपन स्टुडिओ' असतो, म्हणजे दार उघडं ठेवायचं आणि लोकांनी येऊन काम बघायचं. पूर्ण झालेलं, अर्धवट, फसलेलं, जे असेल ते.

ऐकायला साधं वाटतं. पण मोठ्या शहरात राहणाऱ्या चित्रकारासाठी हे काय असतं, ते मी एका मित्रावरून सांगतो.

दाराच्या मापाचं चित्र

गिरगावात आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर एक जण राहायचा. जे. जे. मधून शिकलेला, दिवसा जाहिरात कंपनीत नोकरी. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. रात्री सगळे झोपले की हा बाहेर गॅलरीत चित्रं काढायचा. टर्पेंटाइनचा वास येतो म्हणून शेजारी कुरकुर करायचे. बरोबरच होतं त्यांचं, त्यांची पोरं तिथंच झोपायची. त्याची सगळी चित्रं दोन फुटांच्या आतली. मी एकदा विचारलं, तुला लहान आकार आवडतो का रे? तो म्हणाला, "आवडण्याचा प्रश्न नाही. यापेक्षा मोठं केलं तर खाटेखाली जात नाही."

वयाच्या चाळिशीत त्याला परदेशात एका जुन्या कारखान्यात चार महिन्यांसाठी स्टुडिओ मिळाला. परत आल्यावर मी विचारलं, काय शिकलास? मला वाटलं, तिथल्या संग्रहालयांबद्दल सांगेल. तो म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा माझं चित्र पंधरा फुटांवरून पाहिलं."

मी हे वाक्य विसरलेलो नाही. आपण समजतो, जागा ही कलेच्या बाहेरची गोष्ट आहे, प्रतिभा असली की माणूस कुठंही काम करतो. तसं नाही. लेखकाला एक टेबल पुरतं, गवयाला पहाटेची खोली पुरते, तीही मुंबईत मिळेलच असं नाही. पण चित्रकाराला आणि शिल्पकाराला जागा हे साहित्यच आहे, रंग आणि माती असते तसं. मागं सरकून बघता आलं नाही तर चित्र कळत नाही. ओला कॅनव्हास आठ दिवस कुणाचा धक्का न लागता उभा राहिला पाहिजे. मुंबईसारख्या शहरात ही चैन ठरते. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालची. तिथं प्रदर्शनासाठी तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथं टांगायचं चित्र काढायचं कुठं, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. चित्र दाखवण्याची सोय शहरात थोडीफार झाली, चित्र करण्याची राहूनच गेली.

रिकामा वेळ आणि सवड

आता दुसरी गोष्ट, वेळ. ग्रीक भाषेत 'स्खोले' असा शब्द आहे. अर्थ : सवड. त्याच शब्दावरून 'स्कूल' आला. शाळा म्हणजे मुळात सवडीची जागा! आजच्या पालकांना सांगून पाहा. ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं की आपण खटपट करतो ती सवड मिळावी म्हणून. सवड म्हणजे कामातून सुटका नव्हे, ज्याच्यासाठी बाकीची कामं करायची ते करण्याचा वेळ.

मराठीत हा फरक छान दिसतो. 'रिकामा वेळ' असला की माणूस जांभया देतो. 'सवड' काढावी लागते. चित्रकाराचं निम्मं काम बाहेरून बघणाऱ्याला रिकामपण वाटतं. वासुदेव गायतोंडे घ्या. १९२४ साली नागपुरात जन्म, मूळचे गोव्याकडचे, १९४८ मध्ये जे. जे. चा अभ्यासक्रम पूर्ण केला. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत, पाच-सहा. उरलेले दिवस ते काय करत होते? ते चित्रच करत होते, फक्त कॅनव्हासवर नाही. आता हा हिशेब कुठल्या कार्यालयीन तक्त्यात मांडणार? म्हणून अशा माणसाला मदत करायची तर हजेरी घेऊन चालत नाही, विश्वास ठेवावा लागतो.

आणि असा विश्वास मुंबईनं एकदा ठेवला होता.

वॉर्डन रोडवरचा बंगला

आज ज्याला भुलाभाई देसाई मार्ग म्हणतात, तो जुना वॉर्डन रोड. आझाद हिंद सेनेच्या खटल्यात बचावाची बाजू मांडणारे भुलाभाई देसाई १९४६ मध्ये गेले. त्यांच्या नावानं त्यांच्या बंगल्यात एक संस्था उभी राहिली, भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट. त्यामागं होत्या त्यांच्या सूनबाई, मधुरी देसाई. पन्नास आणि साठच्या दशकांत तिथं चित्रकारांना कामाला जागा मिळत असे, नाममात्र भाड्यानं. दिवसाला एक रुपया, अशी आठवण सांगितली जाते.

तिथं कोण कोण होतं? गायतोंडे होते. हुसेन होते. तय्यब मेहता होते. प्रफुल्ला जोशी, म्हणजे पुढच्या प्रफुल्ला डहाणूकर, होत्या. नलिनी मलानी जे. जे. मध्ये शिकत असतानाच, १९६४ ते ६७, तिथं काम करत होत्या. त्याच आवारात अल्काझींचं नाट्यशिक्षण चाले, रविशंकरांच्या 'किन्नर' संस्थेचं संगीत चाले. म्हणजे एका खोलीत कॅनव्हास वाळतोय, पलीकडं नाटकाची तालीम आणि वरून सतारीचे सूर.

त्या काळी 'रेसिडेन्सी' हा शब्द आपल्याकडं रूढ नव्हता. तिथं कुणी राहायला येत नव्हतं, मुदतही आजच्यासारखी आखलेली नव्हती. पण आज जगभरच्या रेसिडेन्सी जे द्यायचा प्रयत्न करतात ते तिथं होतं : जागा, सवड आणि शेजार. शेजार मी मुद्दाम म्हणतो. विशी-पंचविशीच्या चित्रकाराला शेजारच्या दारामागं गायतोंडे काम करताहेत हे माहीत असणं, याची बरोबरी कुठला वर्ग करणार?

असाच दुसरा प्रयत्न अकबर पदमसींचा. १९६९ च्या सुमारास त्यांना नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशातून त्यांनी मुंबईत 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केलं. कॅमेरा आणि इतर साधनं घेतली आणि ती दुसऱ्या कलावंतांनाही वापरू दिली. नलिनी मलानींचे सुरुवातीचे चित्रपटप्रयोग तिथले. स्वतःला मिळालेली वृत्ती एका चित्रकारानं दुसऱ्यांसाठी जागेत बदलली.

आणि मग? वर्कशॉप काही वर्षांत थांबलं. वॉर्डन रोडचा बंगला गेला, त्या जागी उंच इमारत उभी राहिली. मी कुणाला दोष देत नाही. समुद्राजवळची जमीन, मुंबईचा भाव, घरच्यांचे प्रश्न. एका व्यक्तीच्या औदार्यावर उभी राहिलेली गोष्ट त्या व्यक्तीबरोबर ओसरते, हा जगाचा नियम आहे. प्रश्न असा, की हा नियम मोडता येतो का?

एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब

याचं उत्तर शोधायला मी तुम्हाला थोडं नाशिकला नेतो. पांडवलेणी. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. बौद्ध भिक्षू एरवी फिरते, पण पावसाळ्याचे तीन महिने त्यांनी एका जागी राहायचं, हा वर्षावास. उषवदातानं लेणं संघाला दिलं, चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षूंसाठी. इथपर्यंत झाली जागा.

पण माणूस हिशेबी होता. त्यानं शिवाय ३००० कार्षापण दिले, आणि ते भिक्षूंच्या हातात दिले नाहीत. गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडं ठेवले. २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजानं, उरलेले १००० शेकडा पाऊण व्याजानं. लेखात स्पष्ट अट : मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. याला म्हणतात अक्षयनीवी. २००० चं वर्षाचं व्याज किती? २४०. आणि लेख सांगतो की वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी. वीस बारे दोनशे चाळीस! पै न पै जुळते. आणि हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं, दप्तरी नोंदवलं.

भिक्षू म्हणजे चित्रकार नव्हे, हे मलाही कळतं. पण व्यवस्था बघा. ठरावीक मुदतीचा निवास, ठरावीक माणसं, ठरावीक वृत्ती, 'चारी दिशांचे' म्हणजे आमचा-तुमचा न बघता निवड, आणि मुद्दलाला हात नाही. भिक्षूंनी त्या तीन महिन्यांत किती ध्यान केलं याचा अहवाल मागितलेला नाही. लेख कोरताना उषवदातानं आपल्या औदार्यावर भरवसा ठेवला नाही, व्यवस्थेवर ठेवला.

इतर शहरांनी काय केलं

आता आजची शहरं बघू. पॅरिसमध्ये 'सिते आंतेर्नास्योनाल दे झार' १९६५ मध्ये सुरू झालं. शहराच्या मध्यावर, सीन नदीकाठी, आज तीनशेहून अधिक स्टुडिओ. त्यांची युक्ती अशी की जगभरच्या संस्था तिथल्या एकेका स्टुडिओचा दीर्घ मुदतीचा हक्क घेतात आणि आपापले कलाकार पाळीपाळीनं पाठवतात. भार एकाच्या खांद्यावर राहत नाही.

बर्लिनमध्ये बेथानिएन नावाचं एकोणिसाव्या शतकातलं रुग्णालय बंद पडलं, पाडायचं घाटत होतं. नागरिकांनी विरोध केला. इमारत वाचली आणि सत्तरच्या दशकात तिथं कलाकारांचे स्टुडिओ झाले. इथं मला गिरण्या आठवतात. १९८२ च्या संपानंतर मुंबईत केवढ्या उंच छताच्या, उजेडाच्या शेड रिकाम्या होत गेल्या! त्या जमिनीवर पहिला हक्क गिरणी कामगारांच्या घरांचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिथं टॉवर आणि मॉल उभे राहत असताना दहा स्टुडिओंची जागा मागावी, हेसुद्धा आपल्याला सुचलं नाही.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९६८ साली 'स्टुडिओ म्युझियम' उघडलं. नावातच स्टुडिओ आहे. कृष्णवर्णीय कलाकारांना मोठ्या संग्रहालयांची दारं जवळजवळ बंद होती, तेव्हा या लोकांनी ठरवलं की संग्रहालयातच काम करायची जागा हवी. साधारणपणे दर वर्षी तीन कलाकार. केरी जेम्स मार्शल, डेव्हिड हॅमन्स तिथं राहून गेले. केहिंदे वायली या शतकाच्या सुरुवातीला तिथं असताना त्याला रस्त्यावर पडलेला एक कागद सापडला, पोलिसांनी काढलेलं एका कृष्णवर्णीय तरुणाचं छायाचित्र. माणसाचं चित्र कोण काढतं आणि कसं काढतं, हा प्रश्न त्याच्या मनात तिथून पक्का झाला. पुढं २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत लागलेलं बराक ओबामांचं चित्र त्याचंच. त्याच्या अर्जात 'मला रस्त्यावर एक कागद सापडेल' असं लिहिलेलं असणं शक्यच नव्हतं. मोठं शहर चित्रकाराला काय देतं, तर हे.

आपल्या दिल्लीतही आहे. ललित कला अकादमीचे गढी इथले स्टुडिओ १९७६ चे. 'खोज' १९९७ मध्ये कार्यशाळेतून सुरू झालं आणि पुढं खिडकी गावात स्थिरावलं. नुकतं शिक्षण संपलेल्यांसाठी त्यांचा वेगळा उपक्रम आहे. मुंबईतही गेल्या काही वर्षांत माझगावच्या 'स्पेस ११८' सारखे खासगी प्रयत्न झाले. त्यांचं मोल आहेच.

तीन आक्षेप

आता उलट बाजू. ती सांगितली नाही तर मी जाहिरात करतोय असं होईल.

पहिला आक्षेप. अर्जातच विचारतात, 'तीन महिन्यांत काय करणार?' जे आधी सांगता येतं ते करायला रेसिडेन्सी कशाला हवी? हळूहळू कलाकार प्रकल्प लिहिण्यात तरबेज होतात आणि चित्र मागं पडतं. ओपन स्टुडिओची तारीख जवळ आली की दाखवण्याजोगं काहीतरी उरकण्याची घाई होते. सवड द्यायची आणि वर तिची पावती मागायची, हा विरोध आहे. चांगल्या संस्था तो ओळखून असतात.

दुसरा आक्षेप भाषेचा आणि परिस्थितीचा. गडचिरोलीहून, परभणीहून आलेला मुलगा हातानं उत्तम काम करतो, पण 'स्टेटमेंट' इंग्रजीत लिहायला बसला की त्याचं पाणी पाणी होतं. घरी तान्हं मूल असलेली चित्रकर्ती तीन महिने कुठं जाणार? नोकरी सोडून येणाऱ्याचं मागं घर कोण चालवणार? दार सगळ्यांना उघडं आहे असं म्हणायचं आणि उंबरठा गुडघाभर ठेवायचा! त्या नाशिकच्या लेखातले 'चारी दिशा' इथं आठवावेत. मराठीत अर्ज का घेऊ नयेत? मुलासकट राहण्याची सोय का असू नये?

तिसरा आक्षेप शहराचा. न्यूयॉर्कच्या सोहो भागात रिकाम्या कारखान्यांत कलाकार राहू लागले. १९७१ मध्ये महापालिकेनं त्यांचं राहणं कायदेशीर केलं. वस्तीला नाव आलं, दुकानं आली, भाडी वाढली, आणि पुढच्या पिढीच्या चित्रकारांना तिथं पाय ठेवणं मुश्कील झालं. जागेवर कायमचा हक्क नसेल तर कलाकार वस्तीचा भाव वाढवून देतो आणि स्वतः बाहेर पडतो. म्हणून पुन्हा तोच मुद्दा : मुद्दल सुरक्षित पाहिजे. शहरात मुद्दल म्हणजे जागा.

आईला उत्तर

तर त्या मुलीला मी काय सांगितलं? आधी व्यवहाराचं. आईचं ऐक आणि चौकशी कर. ते पैसे देतात की तुझ्याकडून घेतात? काही ठिकाणी रेसिडेन्सी म्हणून खोलीचं भाडंच घेतात. घेऊ देत, पण मग ती वृत्ती नव्हे, भाडेकरार आहे हे समजून जा. केलेल्या कामाची मालकी कुणाकडं राहणार? एखादं चित्र त्यांना द्यायचं आहे का? स्टुडिओ रात्री उघडा असतो का, एकटीला सुरक्षित आहे का? आधी राहून आलेल्या दोघांशी बोल. लेखी घे.

आणि मग मूळ प्रश्न : कोण देतं असं फुकट? मी म्हटलं, आईला सांग, फुकट नाही. पण देणाऱ्याला ते तुझ्याकडून परत मिळणार नाही. कदाचित मिळणारच नाही. मधुरी देसाईंना गायतोंड्यांकडून दिवसाचा रुपया मिळाला, आणि फायदा झाला तो आपल्याला. अशा देण्यात घेणारा आणि परतफेड होणारा ही माणसं वेगळी असतात, म्हणून ते देणं संशयास्पद वाटतं. पण आपण शाळा, विहिरी, वाचनालयं याच हिशेबानं बांधली.

शेवटी एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवलीय : 'सर, हे सरकारनं करायचं की श्रीमंतांनी?' भांडण नको. गढी सरकारी पैशातून झालं, भुलाभाईंचा बंगला घरचा होता, पांडवलेणीत राजाच्या जावयानं दिलं आणि विणकरांनी सांभाळलं. देणारा कुणीही असो. सांभाळणारा कोण आणि नोंद कुठं केलीय, एवढं विचारा. मुंबईला देणारे मिळाले होते. कमी पडले ते विणकर.

ती मुलगी पुढच्या महिन्यात जातेय. आई स्टेशनवर सोडायला येणार आहे म्हणे.